मागाजवळचा घास

चन्नवीरने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडाशी नेला, तेवढ्यात शेजारच्या घरात माग सुरू झाला. खटाक-खट. तुकडा ताटात परत आला.

"झालं!" त्याची बायको गौरम्मा म्हणाली. "माज्या आमटीचं नशीबच फुटकं."

महिन्यापूर्वी कारखान्यात त्याच्या मागावरून आडवा दोरा नेणारा धोटा उडाला होता. लोखंडी टोकाचं ते लाकूड कानाजवळून सूं करत गेलं आणि भिंतीवर आदळलं. अंगावर ओरखडा नाही. पण तेव्हापासून मागाचा आवाज आला की घशाला कुलूप. आणि भवानी पेठेत माग कुठं नाहीत?

गौरम्माने मीठ-मिरच्या ओवाळल्या, ओवा चघळायला लावला. जेऊरला माहेरी नेलं; तिथं माग नाहीत, तर गडी भाकरीवर भाकरी मागत होता! परत आल्यावर पुन्हा तेच. काल मागापाशी त्याला उपाशीपोटी गरगरलं, तेव्हा मुकादम संगप्पा म्हणाला, "परत असं झालं तर घरी बसायचं."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "पोट चांगलंय. भीती मेंदूत बसलीय. आवाज आला की मेंदू म्हणतो, आधी जीव वाचव. भूक तोच बंद करतो."

"मंग चालू कशी करायची?" गौरम्माने विचारलं.

"आवाजातच थोडं थोडं खायचं. काही होत नाही, हे मेंदूला हळूहळू पटेल."

"पटंल की. माजं मातर ह्यांना कदी पटलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन थेट कारखान्यात शिरली. सुट्टी पाळीपाळीने असे, त्यामुळे आजूबाजूचे माग चालूच होते.

"वैनी, सिनेमा बघाया आलाव का?" संगप्पा ओरडला.

"व्हय की. हिरो उपाशी हाय!"

चन्नवीरच्या बंद मागाशेजारी तिने फडकं पसरलं. भाकरी, शेंगाचटणी, दही. "मी खाते आदी. बगा, काय हुतंय का."

तिने घास घेतला आणि समोरच्या मागाकडे पाहिलं. धोटा इकडून तिकडे धावत होता. त्याला कशानेच बांधलेलं नव्हतं. तिचं तोंड कोरडं पडलं. घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला, खाली काही उतरेना.

"काय झालं गं?"

"चटणी लई तिखट हाय."

"खोटं बोलू नगं."

महिन्यात पहिल्यांदा तो हसला. उठून तिच्या आणि त्या मागाच्या मधे, मागाकडे पाठ करून बसला. तांब्या पुढे केला. "घोटभर पी. बारीक घास घे. घाई करू नगं."

मग त्याने स्वतः तुकडा मोडला. डोळे मिटून बराच वेळ चावला, आणि गिळला.

"हं. आता तू."

औषध घ्यावं तशी तोंडं करत दोघं आळीपाळीने गिळत राहिले. अर्ध्या भाकरीलाच अख्खी सुट्टी गेली. भोंगा झाला. उरलेली अर्धी त्याने डब्यात ठेवली नाही. हाताशी राहावी म्हणून सदऱ्याच्या खिशात घातली आणि माग चालू केला.