एक नंबरची बाटली

“आंटी, ह्यां बघा! नव्वद दिवस झाले आणि एक नंबर अजून फुटाक नाय!”

दीपिका मॅडमनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत खोबरेल आणि पाणी, दुधासारखं एकजीव. अशा सहा बाटल्या. प्रत्येकीत चायना ग्रासच्या जेलीचे, डोळ्यांना न दिसणारे मऊ कण. एक नंबरात सगळ्यांत कमी. तिच्यातलं मिश्रण फुटून तेल दोन-तीन दिवसांतच वर यायला हवं होतं.

“मऊ कण तेलाच्या थेंबाच्या अंगावर पसारतत, तव्यार आंबोळी पसारता तशे. मगे थेंबाक थेंब मिळणा नाय. पण इतक्या कमी जेलीत? माझे गाईड सर सोमवारी गोव्यासून बघूक येतत. तीन महिने कोणी बोट लावक नाय, ह्यां महत्त्वाचां!”

हातातलं फडकं मी पाठीमागे लपवलं.

मी सेलिना. मालवणच्या ह्या कॉलेजात प्रयोगशाळेची परिचर, सत्तावीस वर्षं. रोज सकाळी बाटल्या पुसायच्या आणि पुसली की हलवून ठेवायची, ही माझी शिस्त. खाली साका बसलेला दिसला की जुने सर ओरडायचे. ह्या सहाही मी रोज हलवल्या होत्या. मॅडमनी कपाटावर चिठ्ठी लावली होती, ‘हात लावू नये’. ती पोरांसाठी, मला कशाला, असं मी खुशाल समजले. मेला माझा शहाणपणा!

घरी मिंगेलला सांगितलं. नवरा माझा, जाळं सांधत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “गप रव गो. दोन म्हयन्यांनी रिटायर होतलंस. कोणाक कळतलां?”

शनिवारी मी बाटल्यांना हात लावला नाही. रविवारी मिस्साला गुडघे टेकले, पण प्रार्थना आठवेना. माझ्या हलवण्यानं काही बिघडलेलं नसू दे, एवढंच मागत राहिले.

सोमवारी आठ वाजता कपाट उघडलं. पाच बाटल्या तशाच पांढऱ्या. एक नंबरात वर बोटभर तेल.

एकदा हलवली की तेल पुन्हा मिसळलं, झालं. मॅडमची वाहवा, माझा निरोपसमारंभ, सगळं सुरळीत. मी बाटली उचललीसुद्धा. तेवढ्यात व्हरांड्यातून मॅडमचा आवाज आला. सरांना आणायला दुपारी स्टँडवर गाडी पाठवा, असं शिपायाला सांगत होत्या. किती खुशीत होती पोर! उद्या चारचौघांत हे छातीठोकपणे सांगेल, दुसरं कोणी करून बघेल, आणि हसं तिचं होईल. मी बाटली न हलवता खाली ठेवली आणि मॅडम आत येताच सांगून टाकलं.

“मॅडम, मी रोज हलयलंय. सगळ्यो.”

त्यांनी तेलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “रोज?”

“रोज. पुसताना. माका कळाक नाय ओ.”

ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी सरांना फोन लावला, “सर, आज येऊ नका,” एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. मग वहीचं नवं पान काढून त्यावर आजची तारीख घातली. आता पुन्हा नव्वद दिवस. तोवर मी इथे नसणार.

कमरेच्या जुडग्यातून मी कपाटाची चावी सोडवली आणि त्यांच्यापुढे ठेवली. ‘रवांदे आंटी, तुमच्याकडेच असांदे,’ म्हणतील असं वाटलं होतं.

मॅडमनी चावी उचलली आणि पर्समध्ये टाकली.