वाशाला खोचलेला माझा भाऊ

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. माझं पातं शाबूत आहे. मूठ दोनदा बदलली, तरी अजून घट्ट आहे. धारेचं तर विचारूच नका. तरीही आमच्या टोळीत मला कुणी पुरा कोयता म्हणत नाही. मी अर्धा आहे. हे असं कसं, ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे. एरवी आम्हा कोयत्यांना बोलण्याची सवय नाही.

पाथर्डीच्या बाजारात एका लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. मालट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा एक तुकडा त्याने लाल होईपर्यंत तापवला आणि त्याचे दोन भाग केले. एकाचा मी झालो, दुसऱ्याचा माझा भाऊ. भाऊ वीतभर नाही, पण दोन बोटं लांब होता आणि अंगाने जड होता. मी आखूड आणि हलका. त्याच दिवशी सहादेव आणि कडूबाई नावाचं नवं जोडपं आम्हाला घ्यायला आलं. सहादेवने नखावर आमची धार पाहिली आणि म्हणाला, "ह्यो माहा, ह्यो तुहा." कडूबाई पदराआड हसली. त्या दिवसापासून आम्ही चौघं मिळून एक कोयता झालो.

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. ऊसतोडीच्या कामात कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीलाही 'एक कोयता' म्हणतात. टोळी जमवणारा मुकादम जेव्हा 'यंदा वीस कोयते आहेत' म्हणतो, तेव्हा चाळीस माणसं समजायची. एकटं माणूस असलं, की ते अर्धा कोयता. शेतातल्या उसाच्या ओळी वाटून देतात, त्या वाट्याला पात म्हणतात. ती पात पुऱ्या कोयत्याच्या मापाने आखलेली असते. अर्ध्यासाठी कुणी वेगळी पात आखत नाही.

तेरा-चौदा हंगाम आम्ही असे काढले. दिवाळी झाली, की बैलगाडीत भांडीकुंडी टाकायची आणि कोरड्या पाथर्डीकडून प्रवरेच्या काठाला यायचं. कधी राहात्याच्या पुढे, कधी संगमनेरच्या अलीकडे. भाऊ ऊस जमिनीलगत तोडायचा, मी त्याचं वाळलेलं पाचट सोलून शेंड्याचं हिरवं वाढं उडवायचो. सहादेवचा हात इतका साफ होता, की शेताचे मालक दुसऱ्या टोळ्यांना आणून त्याची पात दाखवायचे. दिवस मावळला, की तो कानस घेऊन बसे. आधी भावाला, मग मला घाशी. भावाच्या लोखंडाचा कीस माझ्या पात्यावर पडलेला असायचा. मला तो फार आवडायचा, हे मी त्या वेळी कधी कबूल केलं नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी सहादेवला गावी ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला. बैल विकले. कडूबाईचा दीर कल्याण सहादेवचा कोयता मागायला आला, तेव्हा ती म्हणाली, "त्याला कुनी हात लावायचा न्हाई." तिने माझ्या भावाला पत्र्याखालच्या वाशाला खोचून ठेवलं. मी खाली ज्वारीच्या पोत्यांशेजारी होतो. आम्ही एकमेकांना दिसत होतो, एवढंच. दिवाळी झाल्यावर कडूबाईने मला फडक्यात गुंडाळलं आणि आम्ही दोघंच निघालो. भाऊ वरून बघत राहिला.

पुढचे दोन हंगाम आम्ही कल्याण आणि त्याच्या बायकोच्या पातीवर तिसरं माणूस म्हणून काढले. मी कामात कधी कमी पडलो नाही. पण एका पातीवर तीन पोटं भरत नाहीत. यंदा हंगामाच्या सहाव्याच दिवशी, शुक्रवारी, कल्याणच्या बायकोने ते तोंडावर सांगितलं. तिचं चूक होतं, असं मला म्हणवत नाही. मुकादम पुंजाराम हा कडूबाईच्याच गावचा. तो मोटारसायकल बांधावर लावून म्हणाला, "वहिनी, रईवारी टेम्पो गावाकडं जातोय. येताना सुकन्याला आनतो. वाशाचा कोयता तिच्या हातात दे, पुरा कोयता व्हतो. न्हाईतर तुमी तरी टेम्पोत बसा."

सुकन्या म्हणजे कडूबाईची लेक. आजीजवळ राहून ती यंदा दहावीला होती. टोळीत आलेली पोरगी पुन्हा वर्गात जाऊन बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आणि कडूबाई कामाशिवाय परत गेली असती, तर घरात दोघींना आणि आजीला खायला काय, हा प्रश्न होताच.

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. पुंजारामचं बोलणं ऐकून मला आनंद झाला. माझा भाऊ येणार! पुन्हा एकाच कानशीवर दोघांना धार लागणार! तो कुणाच्या हातातून येणार आहे, याचा मी विचारच केला नाही. कडूबाई मात्र त्या दिवशी दुपारी जेवली नाही.

त्या शेतात आमच्याशिवाय आणखी काही माणसं होती. यंदा कोयते कमी पडले, म्हणून पुंजारामने भंडारदऱ्याच्या डोंगरातली चार-पाच घरं फोनवरच बोलावून घेतली होती. ती पहिल्यांदाच या कामाला आली होती. कालव्याची एक चारी मधून वाहत होती; अलीकडे आमच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पलीकडे त्यांच्या. आमच्याकडे बैल आणि गाड्या होत्या, म्हणून आम्ही गाडीवाले. ते मोळ्या डोक्यावरून वाहायचे, म्हणून डोकीवाले. गावातल्या लोकांना आम्ही सगळे सारखेच, ऊसतोडीवाले. पण चारीच्या दोन्ही काठांना तसं वाटत नव्हतं.

आमच्या बाया म्हणायच्या, "त्यांचं बरं हाय, डोंगरात पाऊस कोसळतो, घरचा तांदूळ खात्यात." तिकडच्या बाया म्हणायच्या, "गाडीवाल्यांचं चांगलंय, बैलं हायेत, एकरानी जमीन हाये." दोन्हीकडच्या बायांनी एकमेकींचं घर पाहिलेलं नव्हतं. आमच्या चार एकरांत मुरूम आहे आणि विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते. तिकडे पाऊस उदंड, पण उतारावरचा भाताचा तुकडा पोटाला पौषापर्यंतसुद्धा पुरत नाही आणि पाणी सगळं धरणात उतरून जातं. तेच पाणी कालव्याने इथवर येतं आणि ऊस पोसतं. मग त्याच्या मागोमाग माणसंही उतरतात.

त्या डोंगरातल्या लोकांत भागूबाई नावाची एक बाई होती. तिच्यावर आमच्या बायांचा विशेष राग होता. जोडप्याला मिळते तेवढी रुंद पात ती एकटीच घेऊन बसली होती. सगळ्यांच्या आधी शेतात यायची, सगळ्यांच्या मागून जायची आणि तरी दहा पावलं मागेच असायची. "लई हावरी हाय," असं कल्याणची बायको म्हणायची. खोटं कशाला बोलू, मलाही ती हावरीच वाटत होती.

शनिवारी दुपारी संगमनेरच्या कॉलेजातली मोनिका नावाची मुलगी आली. बाहेरून आलेल्या दोन प्रकारच्या मजुरांची परिस्थिती ताडून पाहायची, असा तिचा अभ्यास होता. गाडीवाल्यांसाठी तिच्याकडे गुलाबी कागद होते आणि डोंगरवाल्यांसाठी पिवळे. बाया भाकरी खाऊन चारीवर हात धूत होत्या. कडूबाई मला पाण्यात धरून चिकटा काढत होती. पलीकडच्या काठावर भागूबाई पाय सोडून बसली होती.

"मावशी, तुमच्याकडे कोयते किती?" मोनिकाने कागद बघून विचारलं.

"अर्धा," कडूबाई म्हणाली.

मोनिकाने माझ्याकडे पाहिलं. "हा तर पुरा दिसतोय."

मग कडूबाईने तिला जोडीचा हिशेब समजावून सांगितला. मुलगी हुशार होती, चटकन समजली. गुलाबी कागद खाली ठेवून तिने पिवळा काढला आणि तोच प्रश्न भागूबाईला विचारला.

"एक," भागूबाईने मांडीवरचा कोयता उचलून दाखवला.

"मग तुमचे यजमान कुठे आहेत?"

"घरला. त्यांचा पाय मोडलाय. मी यकलीच आलेय."

कडूबाईचा हात थांबला. "मुकादमाला काय सांगितलं व्हतं गं तू?"

"त्यानं फोनवर इचारलं, कोयते किती? म्हनलं, एक. मपला एकच हाये ना."

अलीकडच्या बाया फिदीफिदी हसल्या. कडूबाई हसली नाही. "आगं, म्हंजी सात दिस झाले, तू जोडप्याची पात यकलीनंच तोडतीस?"

भागूबाईने तळहात पालथे करून पदराखाली घेतले. पण त्याआधी मला ते दिसले होते. कातडी निघून आतलं लाल दिसत होतं. ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या मुलखात मान्सागनिक एवढीच पात आसंल. तुमी समदी तोडताच की. मंग मपल्यालाच झेपत नाय, आसं कसं सांगू?"

एका शब्दाचा घोळ, आणि तो सात दिवस त्या हातांवर उमटत होता. मला माझ्या धारेची लाज वाटली. आम्ही तिला हावरी म्हणत होतो.

कडूबाई उठली, तशीच चारीत उतरली आणि गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. मी तिच्या हातात होतो. बांधावर पुंजाराम फोनवर बोलत होता. तो थांबेपर्यंत ती समोर उभी राहिली.

"तुमच्या यादीत भागूबाईच्या नावापुढं काय लिव्हलंय?"

"कोयता एक. का?"

"त्यो अर्धाच हाय. ऱ्हायलेला अर्धा मी."

पुंजाराम हसला. "वहिनी, दोन बाया मिळून कोयता व्हतो का कुठं? आन गाडीवाल्यातली बाई डोकीवाल्यात? लोक काय म्हंतील?"

"यकली बाई तुमच्या जोडप्याची पात वढीत व्हती, तवा लोक काय म्हनले? माह्या लेकीला टेम्पोत घालायची न्हाई. पात पुरी झाली न्हाई, तर उंद्या मीच टेम्पोत बसते."

पुंजाराम काही वाईट माणूस नव्हता, पण त्याला कारखान्याला गाडी भरून द्यायची होती. त्याने पातीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. "दिस मावळूस्तोर," एवढंच म्हणाला.

ती दुपार मी विसरणार नाही. भागूबाईच्या तळहातांना कडूबाईने आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली. भागूबाईला भात कापण्याची सवय, म्हणून ती उकिडवी बसून अगदी बुडातून तोडायची. कडूबाई उभ्याने सोलायची. पहिल्या घटकेला दोघींचे कोयते एकमेकांवर आपटले. मग मेळ बसला. "माह्याकडं सरक," कडूबाई म्हणायची. "मपल्या मागं या," भागूबाई म्हणायची. मोनिकाही कागद बाजूला ठेवून वाढी गोळा करू लागली. कल्याणची बायको बराच वेळ लांबून बघत होती. शेवटी ती आली आणि मोळ्या बांधायला बसली.

सूर्य टेकला तेव्हा चार-पाच ऊस उभे होते. पुंजारामने ते पाहिले. मोटारसायकलला किक मारली आणि म्हणाला, "उंद्या टेम्पोत पीठ-मीठच आनतो मंग."

कडूबाई तिथेच पाचटावर बसली आणि रडली. मोनिका घरी जायला निघाली तेव्हा तिच्या हातात दोन्ही कागद होते. हा कोयता गुलाबीवर लिहावा की पिवळ्यावर, ते तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

आता मी रोज त्या डोंगरातल्या कोयत्याबरोबर काम करतो. तो पातळ आहे, दुसऱ्या लोहाराचा आहे. एकाच कानशीवर आम्हाला धार लागते. त्याचा कीस माझ्या अंगावर पडतो आणि मला भावाची आठवण येते. तो चांगला आहे, पण माझा भाऊ नाही. ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. माझा एकटेपणा काही गेलेला नाही.

परवा कडूबाई फोनवर सुकन्याशी बोलत होती. पहिल्यांदा सराव परीक्षेचं बोलणं झालं. मग सुकन्याने विचारलं, "आई, वाशाला खोचलेला बाचा कोयता गंज धरतोय. तेल लावून ठिवू का?"

कडूबाई म्हणाली, "नको. ऱ्हाऊ दे तसाच. तू अभ्यास कर."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे मागणं मागतात. आम्हाला पुसा, तेल लावा, विसरू नका, असं म्हणतात. माझंही एक मागणं आहे. कधी त्या घरी गेलात आणि पत्र्याखाली वाशाला खोचलेला एक लांब, जड कोयता दिसला, तर तो माझा भाऊ आहे. त्याला माझी आठवण सांगा. पण त्याला खाली काढू नका. त्याला गंजू द्या.