हरणारी टीम

“उद्याच्या मॅचवर लावू,” अक्षता बापाला म्हणाली. “तुम्ही हरलात तर बेड जाणार. जिंकलात तर मी बेडचं नावच काढणार नाही. परत कधीच नाही.”

दत्ताराम तांबे चहात पाव बुडवत होता. पाव तुटून कपात पडला, तरी तो कपाकडे बघत तसाच बसून राहिला. हॉलच्या मधोमध तो बेड होता. लोखंडी, पांढरा, हॉस्पिटलात असतो तसा, हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर येणारा. त्याची बायको राधा त्याच्यावर उन्हाळाभर झोपून होती आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्यावरच गेली. आता गणपती होऊन गेले होते. दत्ताराम अजून रोज सकाळी चादर झटकायचा आणि कोपरे दुमडून पुन्हा घालायचा. परळच्या एका हॉस्पिटलात त्याची सगळी नोकरी वॉर्डबॉय म्हणून गेली होती. उघडा बेड त्याच्या डोळ्यांना खपत नसे.

बेड त्यांचा नव्हता. लालबागच्या एका गणपती मंडळाचं साहित्य केंद्र होतं, तिथला होता. बेड, व्हीलचेअर, वॉकर, ज्याला लागेल त्याने सही करून न्यायचं आणि काम झालं की परत द्यायचं. मात्र ज्याची सही आहे त्याने फोन केल्याशिवाय मंडळाचा टेम्पो दारात येत नसे. माणूस गेलेल्या घरात आपण होऊन बेड उचलायला जायचं म्हणजे बरं दिसत नाही, असं केंद्र सांभाळणाऱ्या राजेशचं म्हणणं. इथे सही दत्तारामची होती.

“राजेशदादाचा फोन आला होता काल,” अक्षता म्हणाली. “घाई करत नाहीये तो. पण करी रोडला एक बाई आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय. जमिनीवर गादी घालून झोपवलंय त्यांना. केंद्रात एकपण बेड शिल्लक नाही.”

दत्तारामने चमचा उचलला.

“तुम्ही हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. मग मॅचवर सोडू. चालेल?”

“चालेल,” तो म्हणाला. आजकाल तो सगळ्यालाच चालेल म्हणायचा.

मॅच म्हणजे क्रिकेटची नव्हे, बेसबॉलची. वरळीच्या बीडीडी चाळीतून नव्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर आलेल्या घरात अमेरिकेतला बेसबॉल काय करत होता, असं कुणालाही वाटेल. तो अक्षताच्या नोकरीबरोबर आला होता. लोअर परळच्या एका कंपनीत ती अमेरिकेतल्या मॅचेसचा हिशेब ठेवायची. प्रत्येक बॉल कसा पडला, कुणी मारला, कुणी सोडला, हे बघता बघता कॉम्प्युटरवर टिपायचं. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इकडे पहाट. राधा आजारी पडल्यापासून ती हे काम घरूनच करत होती. झोप न लागणारी राधा बेडवरून, आणि तिच्या उशाशी बसलेला दत्ताराम खुर्चीवरून, दोघंही तो खेळ बघत पहाट काढायची. टीमची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत. यजमान टीम पांढरे कपडे घालते आणि पाहुणी करडे, एवढं त्यांना पुरे होतं.

कोण जिंकणार यावर पैज लावायची सुरुवात राधानेच केली. हरेल त्याने चहा करायचा. तिला स्वतःला उठता येत नसताना तिने ही पैज काढली, म्हणजे चहा कोण करणार हे ठरलेलंच होतं. कंपनीने अक्षताकडून पैजा लावणार नाही म्हणून लिहून घेतलं होतं, पण चहा त्यात धरत नाहीत असं तिघांनी मिळून ठरवून टाकलं. राधा गेल्यावर अक्षताने पैज चालू ठेवली, कारण तेवढ्यापुरता तरी बाप तोंड उघडायचा. पांढरे नाहीतर करडे, असा एक शब्द बोलायचा आणि गप्प बसायचा.

खरं सांगायचं तर बेड जावा असं दत्तारामलाही वाटत होतं. करी रोडची बाई जमिनीवर झोपलीय हे ऐकल्यापासून जास्तच. जन्मभर त्याने पेशंट उचलून बेडवर ठेवले होते. जमिनीवरच्या बाईचे काय हाल होत असतील हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण ‘घेऊन जा’ हे शब्द काही केल्या तोंडातून निघत नव्हते. राधा गेली तेव्हा त्याला रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. दात काढताना डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर हिरडी होते तसं सगळं अंग बधिर झालं होतं. पैज हरली तर फोन करावाच लागेल, पण तो हरल्याचा दंड. आपण होऊन केलेला फोन म्हणजे राधाला स्वतःच्या हाताने घराबाहेर काढणं. तेव्हा हरायचं, हे त्याने कपातला पाव चमच्याने काढता काढता ठरवलं.

संध्याकाळी तो खाली उतरला. टॉवरच्या गेटजवळच्या बाकड्यावर इग्नेशियस बसला होता. वरळी गावातला हा माणूस त्याच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. रिटायर होईपर्यंत त्याचा एकही शनिवार-रविवार महालक्ष्मीच्या रेसकोर्सशिवाय गेला नव्हता. बायकोने शपथ घातली तेव्हा सुटला, पण घोड्यांवर अजून तासभर बोलू शकायचा.

“इग्नेश, एक सांग,” दत्ताराम शेजारी बसत म्हणाला. “हरणारा कसा ओळखायचा?”

“जिंकणारा म्हणतोस?”

“नाय रे. हरणारा.”

इग्नेशियसने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. “काय मॅन दत्तू, बरा आहेस ना? आख्ख्या लाइफमध्ये लोकांनी मला विनर विचारला. हरणारा विचारणारा तू पहिला.”

दत्तारामने पैजेचं सांगितलं. हरायचंय एवढंच बोलला, का ते बोलला नाही. इग्नेशियसनेही विचारलं नाही. दोघांनी मिळून इतकी माणसं गेलेली पाहिली होती की काही प्रश्न आपोआप गळून पडत.

“तुझ्या त्या खेळात घोडा कोण? आणि जॉकी कोण?” त्याने विचारलं.

“बॉलर असतो एक. सगळं त्याच्यावर. तो चांगला तर टीम चांगली.”

“मग सोपं आहे. ज्याचा जॉकी नवा नाहीतर म्हातारा, त्याच्यावर लाव.” मग चष्मा पुन्हा चढवून तो म्हणाला, “पण एक सांगतो हां. हरणारा पण कधी कधी धोका देतो.”

दत्तारामला वर जाताना बरं वाटलं, कारण उत्तर त्याच्याकडे तयार होतं. उद्या खेळणाऱ्या करड्यांचा एक उंच बॉलर होता. कालच त्याने समोरच्या टीमची दाणादाण उडवली होती. क्रिकेट बघणारा कुणीही म्हणाला असता, हा फॉर्मात आहे, उद्या लावा याच्यावर. पण बेसबॉलमध्ये एकदा मॅच टाकलेला बॉलर पुढचे चार दिवस हाताला विश्रांती देतो. अक्षतानेच हे उन्हाळ्यात सांगितलं होतं. तेव्हा राधा उशीवरून म्हणाली होती, “चार दिवस सुट्टी? आणि पगार कापत नाय?” आणि मग स्वतःच खोकत खोकत हसली होती. म्हणजे उद्या तो उंच बॉलर नसणार. आणि तो नसलेल्या मॅचेस करडे पंधरवडाभर ओळीने हरत आले होते.

पहाटे अक्षता टेबलावर कॉम्प्युटर लावून बसली. टीव्हीवर मैदान उजळलं होतं.

“बोला पप्पा. कोण?”

“करडे.”

तिचे हात थांबले. “नक्की? करडे?”

“त्यांचा तो उंच बॉलर आहे ना. परवा काय टाकला त्याने. आज पण टाकेल.”

अक्षताने त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. बापाला नियम आठवत नाहीये असं तिला वाटलं. सांगावं असंही तिच्या मनात आलं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण करी रोडची बाई जमिनीवर होती आणि बेड इथे नुसता पडून होता. “ठीक आहे,” ती म्हणाली. “मग मला पांढरे.” बापाला फसवल्यासारखं पोरीला वाटत असणार, हे दत्तारामला कळलं. फसवत आपण आहोत, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

मॅच सुरू झाली. करड्यांकडून एक नवाच माणूस बॉल टाकायला आला. नवा म्हणजे इथे नवा, तसा चाळिशीचा, पोट सुटलेला, दाढीत पांढरं आलेला. इग्नेशियसने सांगितल्याप्रमाणे बरोब्बर. त्याचा बॉल असा सावकाश यायचा की दत्तारामलाही मारता आला असता.

“अरे, तो उंच नाय आला?” त्याने विचारलं.

“नाही,” अक्षता स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. “त्याची विश्रांती आहे.”

“अच्छा,” दत्ताराम म्हणाला, आणि निवांत मागे टेकला.

पण पांढऱ्यांना तो सावकाश बॉल लागेना. ते आधीच बॅट फिरवून बसायचे आणि बॉल मागून रमतगमत यायचा. चौथी इनिंग झाली, पाचवी झाली. करड्यांनी कुठून तरी तीन रन काढले. बाहेर उजाडलं, समोरच्या टॉवरच्या काचा चमकायला लागल्या. अक्षता टिपत होती आणि मधूनच ओठ चावत होती. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या टीमचा बॉल मारला जावा म्हणून दत्तारामचा जीव टांगणीला लागला. सातव्यात पांढऱ्यांनी दोन रन काढले तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला.

नवव्या, शेवटच्या इनिंगमध्ये पांढऱ्यांचे दोघे आउट झाले होते, तिसरा झाला की मॅच संपणार, पण दोन खेळाडू बेसवर रन काढायला टपून होते. एक चांगला फटका लागला असता तर करड्यांचा खेळ खलास. फटका लागलाही. बॉल उंच गेला, थेट मागच्या भिंतीकडे. करड्यांचा एक खेळाडू पाठमोरा धावत गेला, भिंतीवर आपटला आणि खाली पडला. उठला तेव्हा बॉल त्याच्या हातमोज्यात होता. करडे जिंकले.

अक्षताने शेवटची नोंद केली आणि हेडफोन काढून ठेवला.

“जिंकलात,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “ठीक आहे. बोलले म्हणजे बोलले. बेड राहू दे.”

दत्तारामला राग आला. त्या पोटवाल्याचा, भिंतीवर आपटलेल्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. इतक्या दिवसांत आतून काहीतरी वर यायची ही पहिलीच वेळ होती, आणि यायचं ते हे आलं. त्याला वाटलं, राधा असती तर म्हणाली असती, अहो, तुम्हाला साधं हरता पण येईना. तो उठला. बेडपाशी जाऊन त्याने चादरीचा एक कोपरा ओढला, मग दुसरा.

“पप्पा, काय करताय? तुम्ही जिंकलात.”

“माहिती आहे,” तो म्हणाला. “तो उंच बॉलर आज येणार नव्हता, ते पण माहीत होतं. तूच सांगितलं होतंस.”

अक्षता बघत राहिली. तिला सगळं समजायला थोडा वेळ लागला. मग ती उठली आणि तिने चादरीची दुसरी बाजू धरली. दोघांनी घडी घातली. मग दत्तारामने फोन उचलून राजेशला लावला. आवाज बसल्यासारखा निघाला, पण निघाला. “राजेश, तांबे बोलतोय. बेड घेऊन जा.”

दुपारी टेम्पो आला. दत्तारामने बेड साबणाने धुऊन, पुसून ठेवला होता. लिफ्टमध्ये तो आडवा जाईना, तेव्हा डोक्याचा भाग सोडवून त्यानेच दोन तुकड्यांत उतरवला. खाली टेम्पोत चढवून झाल्यावर राजेश म्हणाला, “बरं काका, येतो.” दत्ताराम म्हणाला, “थांब. हँडल अडकतं त्याचं. त्यांना दाखवायला पाहिजे,” आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसला.

करी रोडच्या चाळीतली ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दौलत नावाचा तिशीचा मुलगा आणि खाली गादीवर पडलेली त्याची आई, एवढंच घर. बाई साधारण राधाच्या वयाची होती. दत्तारामने बेड जोडला, चाकं लॉक केली, त्यांचीच चादर मागून घेतली आणि कोपरे दुमडून घातली. मग दौलतला आईच्या पाठीखाली हात कसे घालायचे ते दाखवून दोघांनी तिला उचललं. पाठ टेकल्यावर बाईने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

“हँडल अडकलं की जोर लावायचा नाही,” तो दौलतला सांगत होता. “अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि मग पुढे.”

बाईने डोळे उघडले. “दादा, तुमच्या घरी कोण होतं ह्याच्यावर?”

“बायको.”

“बऱ्या झाल्या का त्या?”

राजेश दारातच थबकला. दत्ताराम हँडलवर हात ठेवून उभा होता. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“हो,” तो म्हणाला. “झाली ना. आता चालते, फिरते. सकाळी पहिला चहा तीच करते.”

बाईचा चेहरा सैल झाला. “थोडं वर घेता का डोकं?” तिने विचारलं. दत्ताराम वाकला आणि सावकाश हँडल फिरवायला लागला.