रिपीटर

वैजनाथनं पिशवीतून वायरचं भेंडोळं काढलं आणि काचेच्या काउंटरवर ठेवलं. टोकाला पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना आणि मध्ये जागोजागी काळ्या टेपच्या गाठी. दुकानदारानं मेलेला उंदीर उचलावा तसं ते चिमटीत धरून वर केलं.

"ह्याच्यावर टीव्ही बघताव तुमी?"

"हाव."

"काय दिसतंय?"

"दिसतंय तसं. माणसं जरा हिरवी दिसतेत. मधूनमधून रेघा येतेत. तुमी सगळ्यात चांगली वायर द्या."

त्याची लेक सृष्टी दुकानाच्या पायरीवर पाठमोरी उभी होती. समोरच्या रस्त्यावर लातूरचे क्लास एकाला एक खेटून उभे होते आणि प्रत्येकाच्या फलकावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींचे हसरे फोटो. ती त्या फोटोंकडे बघत होती की रिक्षांकडे, ते वैजनाथला कळत नव्हतं.

सकाळी त्यानं तिला 'चल, सेटटॉप बॉक्सची वायर आणू' म्हणून एसटीत बसवलं होतं. वायरीसाठी किल्लारीहून कोणी लातूरला येत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही. पुढच्या चौकात तिचा क्लास होता. प्रवेशपरीक्षेत मागे पडलेल्या पोरांची वर्षभर पुन्हा तयारी करून घेणारी रिपीटर बॅच तिथे भरत होती आणि आज नाव घालायचा शेवटचा दिवस होता. ही बॅच सृष्टीनं एकदा केली होती, मग पुन्हा एकदा केली होती. निकाल लागल्यापासून ती घरी होती आणि त्या विषयावर अवाक्षर बोलत नव्हती. तारामतीनं, तिच्या आईनं, गोडीनं विचारून बघितलं, रागावून बघितलं. वैजनाथला तर विचारायचाच धीर होत नव्हता. तिनं आपणहून 'जाते' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून तर ही वायरीची सबब.

"सगळ्यात चांगली म्हणलात तर ही," दुकानदारानं एक काळीभोर वायर पुढे टाकली. "एचडीएमआय. चित्र अन् आवाज एकाच वायरीत. आरशावानी दिसतंय बगा. टीव्हीच्या मागं चपटं भोक हाय का?"

वैजनाथनं सवयीनं पायरीकडे बघितलं. घरातली सायन्सवाली तीच.

"हाय," ती मागे न वळता म्हणाली.

"लांबी किती पायजे?"

इथं वैजनाथला सगळी रामकहाणी सांगावी लागली. बॉक्स घरात होता आणि टीव्ही अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडात. कारण त्याची आई, नागुबाई, भूकंपात थोरली लेक घराच्या मातीच्या माळवदाखाली गेली तेव्हापासून स्लॅबखाली बसायला तयार नव्हती. सरकारनं पुनर्वसनात पक्कं घर दिलं, त्यात सामान राहायचं आणि नागुबाई पत्र्याखाली. हल्ली सृष्टीही दिवसभर तिथंच असायची, आज्जीच्या बाजेवर पाय पोटाशी घेऊन. हिरव्या माणसांकडे ती तासन्‌तास बघत बसे आणि आवाज बंद असला तरी तिच्या ते ध्यानात येत नसे. निदान पोरीला धड दिसावं तरी, असं त्याला मनापासून वाटायचं. तेवढं तरी आपल्या हातात आहे असं वाटायचं.

"मग अवघड हाय," दुकानदार म्हणाला. "लांब वायरीत सिग्नल दमतोय. मधी रिपीटर लावा लागंल."

त्यानं काडेपेटीएवढी एक डबी काउंटरवर ठेवली. वैजनाथच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"दुसरं कायतरी द्या."

"दुसरं न्हाईच की! लांबचा पल्ला म्हणलं की रिपीटर आलाच." दुकानदाराला आपलंच बोलणं आवडलं. "अन् लातुरात त्याचं काय नवल? घरोघर रिपीटर हायत आमच्यात."

तो मोठ्यानं हसला. वैजनाथही कसानुसा हसला आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली.

सृष्टी पायरीवरून आत आली. तिनं ती डबी उचलून उलटीसुलटी करून बघितली.

"ह्याच्यानं चित्र सुधारतंय का?"

"सुधारत न्हाई ताई. आलेलं पुढं ढकलतंय."

"म्हंजे डबीच्या अलीकडंच खराब झालेलं असंल, तर?"

"तर खराबच पुढं जातंय. हे पदरचं काय घालत न्हाई त्यात."

"अन् दोन लावले तर?"

"दोन लावा, न्हाईतर तीन लावा. आहे तेच."

तिनं डबी अलगद खाली ठेवली.

"मग नको," ती म्हणाली.

वैजनाथ काही इतका खुळा नव्हता. इतके दिवस ज्या उत्तराची तो वाट बघत होता, ते पोरीनं परक्या माणसाला विचारता विचारता दिलं होतं. तिच्या दहावीनंतर तो याच रस्त्यानं दारोदार विचारत फिरला होता, सगळ्यात चांगला क्लास कोणता म्हणून. सगळ्यात चांगली मेस, सगळ्यात चांगली खोली. पोरगी फोनवर 'बरं चाललंय' म्हणायची आणि तो ते खरं धरून चालायचा, कारण खरं धरणं सोयीचं होतं.

"असं करा," गिऱ्हाईक हातचं जातंय हे बघून दुकानदार म्हणाला, "बॉक्सच उचलून टीव्हीपाशी न्या. डिशच्या छत्रीची वायर लांब ओढली तरी चालती. मग ही हातभर एचडीएमआय बास झाली."

इतकी साधी गोष्ट. वैजनाथनं आखूड वायर घेतली, पैसे दिले आणि दोघं बाहेर आली.

"बॉक्स हलवायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई बग," तो म्हणाला.

"मला ठाऊक होतं."

"मग बोलली न्हाईस कामून?"

"तुमी सगळ्यात चांगली वायर आणायची म्हणलाव ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. दोघं रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डावीकडे बसस्थानक होतं. घरी चल, असं म्हणायचं त्यानं ठरवलं. खड्ड्यात गेली ती बॅच, तू घरी चल. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"सृष्टी, आपुन—"

"चला पप्पा. क्लासचं काउंटर बंद होईल," असं म्हणून ती उजवीकडे चालायला लागली.

तो मागोमाग धावला.

"अगं, तुझ्या मनात नसंल तर न्हाई जायचं."

ती थांबली. पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं.

"मग काय करू? ते सांगा, तसं करते. गावात कुणी विचारलं की इतके दिस लातुरात काय करत होतीस, तर काय सांगू?"

बी.एस्सी. कर म्हणावं, तर ते तिनं पहिल्या निकालानंतरच म्हटलं होतं आणि त्यानंच उडवून लावलं होतं. काही करू नको, नुसती घरी राहा म्हणावं, तर तारामतीला काय सांगायचं? जगाला काय सांगायचं? तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. मग पुढे निघाली.

क्लासच्या हॉलमध्ये गारवा होता आणि रांग होती. त्यांचा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता विचारलं,

"फ्रेशर का रिपीटर?"

"रिपीटर," सृष्टी म्हणाली.

बाईनं कागद सरकवला आणि खाली बोट टेकवलं. "पालकांची सही इथं."

वैजनाथनं काउंटरवर दोऱ्यानं बांधलेला पेन उचलला. कागदावर टेकवला. तिथंच धरून ठेवला.

"काय झालं?" बाईनं विचारलं. मागे रांगेत कोणीतरी खाकरलं.

"पेन चालंना गेलाय," तो म्हणाला.

पेनच्या टोकाखाली निळा ठिपका पसरत चालला होता. बाईनं तो बघितला. सृष्टीनंही बघितला. मग तिनं खांद्यावरची पिशवी उघडली, आपला पेन काढला, टोपण काढून मागे लावलं आणि त्याच्या हातात दिला.