थोरल्यांचा हात

हातमोज्यांच्या त्या छोट्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर एक लाकडी हात उभा असे. आजोबांच्या हाताबरहुकूम कोरलेला. बोटं इतकी लांब की वाटावं, कोरणाऱ्याला थांबायचं भानच राहिलं नाही. त्याला सगळे ‘थोरले’ म्हणत. थोरल्यांच्या मापाचा मोजा ज्या लेकराच्या हातात टोकापर्यंत चपखल बसेल, त्याने पुढे मालकाच्या खुर्चीत बसायचं, अशी घरची रीत होती. अक्कल बोटांच्या लांबीवर मोजणारं हे एकच घराणं असावं.

आत्याच्या हातात तो मोजा बसला नव्हता. टोकं रिकामी लोंबत राहिली. तिच्या भावाला, दादाला, तो चपखल बसला आणि खुर्ची त्याला गेली. ती कितीतरी वर्षं मनातल्या मनात धुमसली. पण खुर्चीतल्या माणसांचं काय होतं, हेही तिला दिसत होतं. तिचे आजोबा अडतिसाव्या वर्षी गेले, वडील एकेचाळिसाव्या, दादा एकोणचाळिसाव्या. तिघांनीही छाती धरली, पाठीत काहीतरी फाटलं म्हणाले, आणि डॉक्टर यायच्या आत संपले.

दादा गेल्यावर वहिनीने थोरल्यांना शेगडीत घातलं आणि खुर्ची भंगारवाल्याला फुकट दिली. आत्यालाही हायसं वाटलं. थोरल्यांवरून काढलेला पुठ्ठ्याचा नमुना मात्र खिळ्याला लटकत राहिला. तो कुणाच्या लक्षातच आला नाही.

दादाच्या तेरा वर्षांच्या मुलीला उंचीवरून शाळेत ‘शिडी’ म्हणत. तिच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलायचा, म्हणून आत्या तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलंय, असं बाई म्हणाल्या. मग डोळे सोडून त्या पोरीच्या हातांकडेच बघत बसल्या. त्यांनी तिला एका हाताने दुसरं मनगट धरायला लावलं. अंगठा करंगळीवर चढला आणि वर नखभर उरला.

“हिच्या घरात कोण असं अचानक गेलंय?” बाईंनी विचारलं. “छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखं होऊन?”

आत्याने बाईंना दादाबद्दल अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

पोरीला बाहेर बसवून बाईंनी सावकाश समजावलं. शरीर आतून बांधून ठेवणारा जो धागा असतो, तोच या घरात जन्मतः कच्चा आहे. त्यामुळे हाडं लांब वाढतात, भिंग सुटतं, आणि हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगत फुगत एक दिवस फाटते. आईबापांपैकी एकाला असलं की प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. वेळेवर कळलं तर हृदयाची सोनोग्राफी करत राहायचं, गोळ्या घ्यायच्या, वेळ आलीच तर फाटण्याआधी ऑपरेशन करायचं. मग माणूस म्हाताराही होतो.

घरी येताना आत्याला उमगलं. खुर्चीने कुणालाच खाल्लं नव्हतं. घरच दर पिढीत लांब बोटांवरून मरणाऱ्याला नेमकं हुडकून तिच्यात बसवत होतं. आणि तिने त्या दादाचा हेवा केला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

वहिनी काही ऐकेना. थोरले जळले, खुर्ची गेली, आता हे खूळ कशाला, म्हणाली. पोरीला दवाखान्याची पायरी चढू देणार नाही, असं तिने निक्षून सांगितलं. ती घाबरली होती, म्हणूनच इतकी ताठ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याने पोरीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ काढली. कागद कापला, वहिनीला टेबलापाशी बोलावलं आणि तो खिळ्यावरून काढलेल्या पुठ्ठ्यावर ठेवला. पुठ्ठा कुठूनच डोकावला नाही. वहिनी काठाकाठाने बोट फिरवत राहिली.

“हा थोरल्यांचाच ना?” तिने विचारलं.

“नाही वहिनी, आजचा आहे. तू लाकूड जाळलंस. हात इथंच आहे, बाहेर बसून गृहपाठ करतोय.”

तेवढ्यात पोर आत आली आणि कागद सारून तिने आपला पंजा सहज पुठ्ठ्यावर टेकवला. पाचही बोटं जागच्या जागी बसली.

“हा कुणाचा हात?” तिने हसत विचारलं.

“तुझ्या बाबांचा,” वहिनी म्हणाली. तिने लेकीचा पंजा पुठ्ठ्यावरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. “चपला घाल. दवाखान्यात जायचंय.”