पान बेचाळीस

ग्लासगोचा बडा फुटबॉल संघ किनलॉयसारख्या गावात खेळायला येणार, हे गेल्या सव्वाशे वर्षांत कधी घडलं नव्हतं. या वर्षी कपाच्या चिठ्ठ्यांत ते घडलं. पण दैव देतं आणि कर्म नेतं, तशी गत झाली. मैदान गोठल्यामुळे दोनदा सामना रद्द झाला, आणि या शनिवारीही मैदान खेळण्याजोगं नसेल तर मंगळवारी तुम्हीच ग्लासगोला या, असं कपवाल्यांनी कळवून टाकलं.

इतरांचं ठीक होतं, बसमध्ये बसून गेले असते. नॅन रॅट्रेचा जीव टांगणीला लागला होता तो वॉटीसाठी. वॉटी तिचा थोरला भाऊ, वय चौऱ्याऐंशी. चौदा वर्षं तो किनलॉय व्हेल या गावच्या क्लबाकडून बचावफळीत खेळला आणि कुठल्याही बड्या संघासमोर त्याला कधी उभं राहायला मिळालं नाही. आता फुप्फुसं संपत आली होती. चाकाच्या खुर्चीतून मैदानापर्यंत न्या, दोन तास बसू द्या, त्यापलीकडे नाव काढू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

गुरुवारी मैदान राखणारा डूगी गेडिस ट्रॅक्टर घेऊन नॅनच्या दारात थांबला. मागे सातूच्या पेंढ्याचे गठ्ठे रचलेले.

"बाई, घोर सोडा! उद्या सगळं मैदान पेंढ्यानं झाकतो, म्हणजे गोठणार नाही. शनिवारी सकाळी काढला की खाली हिरवंगार." नॅनच्या हाताखाली तो शाळेत शिकला होता, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षीही ती त्याची बाईच होती.

"अरे, पण पाऊस सांगितलाय ना?"

"शिंतोडे पडतील, दुसरं काय! आणि तुम्हीच विचारताय? पान बेचाळीस, बाई! छत्तीस साली पेंढ्यानंच सामना वाचवला होता. तोंडपाठ आहे मला."

क्लबाच्या शताब्दीचं पुस्तक नॅननंच लिहिलं होतं, आणि पान बेचाळीस धादांत खोटं होतं. छत्तीस सालच्या कार्यवाहाच्या वहीत तिनं खरं काय ते वाचलं होतं: पेंढा पावसात भिजला, पहाटे जमिनीसकट गोठला आणि सामना रद्द झाला. पण वडील स्वयंपाकघरात बसून वेगळीच हकीकत सांगायचे, आणि तीत दाताळं घेऊन सगळ्यांच्या पुढे स्वतः वडीलच असायचे. पुस्तक छापलं तेव्हा ते हयात होते. म्हाताऱ्याचं मन मोडवेना, म्हणून तिनं वडिलांची हकीकत घातली आणि वही कपाटात ठेवली.

आता सांगावं? पुस्तक तिचं, वडील तिचे, डूगी तिचाच विद्यार्थी. आपलेच दात, आपलेच ओठ. उद्या सांगू, म्हणून तिनं दार लावलं. हा भित्रेपणा होता आणि तिला तो कळत होता.

शुक्रवारी दुपारी ती मैदानावर पोचली तेव्हा अर्धा गाव पेंढा पसरत होता. खाटीक होता, पोस्टातली मुलगी होती, पाद्रीबाबाही होते. नॅननं डूगीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

"बाई, आता? आता सांगताय?"

"काढता नाही का येणार?"

"काढून घालू काय? माझी गोधडी?" मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. "जा घरी, बाई. पाऊस नाही आला तर तुमचं पुस्तकच खरं ठरेल."

पाऊस चहाच्या वेळेलाच आला, बर्फाचा चुरा घेऊन. नॅन खिडकीत उभी राहून तो बघत होती. बघण्याशिवाय तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पंच मैदान तपासायला आला. पेंढा उचलायला माणसं वाकली, पण पेंढा निघेना. जमिनीला धरून बसला होता. पंचानं बुटाची टाच आपटली, ती दगडावर आपटल्यासारखी वाजली. "माफ करा," एवढंच तो म्हणाला. नॅनकडे कुणी पाहिलं नाही. डूगीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

वॉटी आपल्या घरी सात वाजल्यापासून तयार होऊन बसला होता. गळ्यात क्लबाचा मफलर, पायात पॉलिश केलेले बूट.

"किती वाजता निघायचं गं?"

नॅननं सांगितलं. सामन्याचं सांगितलं, मग वहीचंही. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

वॉटी श्वास जुळवत म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"छत्तीसचं. बाबांनीच सांगितलं होतं मला, एकदा जास्त झाली होती तेव्हा. तुझ्या पुस्तकात इतकं छान उतरलं होतं... म्हटलं, असू दे." तो थांबला. "गुरुवारी डूगी इथंही आला होता, नॅन. मीही गप्पच बसलो."

बाहेरून ट्रॅक्टर रिकामा परत गेला.

"मंगळवारी रेडिओ लावू," नॅन म्हणाली.

"मंगळवारचं मंगळवारी." त्यानं फळीवरच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "बेचाळीस काढ. वाच."

"वॉटी, नको रे."

"वाच गं. बूट घालून बसलोय मी."

नॅननं चष्मा पुसला आणि वाचायला लागली. पेंढा निघाला, खाली हिरवं गवत होतं, आणि बरोबर दोन वाजता किनलॉय व्हेलचे अकरा गडी मैदानात उतरले.