टिंग का होत नाही

दुरुस्त करून दिलेला फोन परत आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि फ्रेमवाल्या काकांचा फोन तर घरी पोचायचा अवकाश, की पुन्हा माझ्या काउंटरवर हजर!

काका कोपऱ्यावर फोटोंना फ्रेमा करून द्यायचे. आता दुकान बंद, घरात एकटे. मुलगी दूरच्या शहरात. तिने त्यांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं होतं. रोज सकाळी ते टिंग करून विचारणार, 'ठीक आहात ना?' काकांनी 'ठीक' वर बोट ठेवलं की झालं काम. नाही ठेवलं, तर तासाभरात मुलीच्या फोनवर लाल इशारा, आणि ती घाबरीघुबरी होऊन फोन करणार.

टिंगच काही होईना.

मी उघडून बघायचे, तर नोटिफिकेशनची परवानगी बंद. ती चालू करून द्यावी, तर पुढच्या खेपेला बॅटरी वाचवायच्या नावाखाली अ‍ॅपला मागे चालायलाच मनाई. अ‍ॅप बिचारं झोपलेलं, मग निरोप येणार कुठून? काकांनी ते हाताने उघडलं की साचलेले सगळे निरोप धाडधाड येऊन पडायचे. मी कंपनीच्या अपडेटला शिव्या घालत सगळं परत चालू करायचे. काका मान डोलवायचे, "वा, झकास!"

आज मुलीने थेट मलाच फोन केला. "ताई, तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट सांगा. मी रविवारी येतेय. तोवर हे नीट चाललं नाही, तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार. रोज सकाळी जीव टांगणीला लागतो माझा."

मला जमत नाही? मला? आणि वृद्धाश्रम? काका आपलं घर सोडून कुठे राहणार हो?

काका आले. मी फोन नीट करून त्यांच्या हातात दिला, आणि काहीतरी शोधायचं निमित्त करून कपाटाच्या काचेत बघत राहिले. काकांचं बोट भराभर सेटिंगमध्ये शिरलं, अ‍ॅप शोधलं, परवानगी बंद. कुठे अडखळणं नाही की काही नाही. मलासुद्धा चष्मा लावून शोधावं लागतं ते!

"काका!" मी ओरडलेच. "म्हणजे हे उद्योग तुमचे?"

"हळू गं, पोरी."

"अहो, नुसतं 'ठीक' दाबायचं नाही, की झालं. परवानग्या कशाला काढायच्या?"

"मग ती विचारते, बाबा, मेसेज आला होता का? खोटं बोलवत नाही मला. आलाच नाही, असं म्हणता आलं पाहिजे ना." ते फोन पुसत बसले. "'ठीक' दाबलं की ती फोनच करत नाही गं."

"आणि रविवारी ती तुम्हाला वृद्धाश्रमात न्यायला येतेय, ते ठाऊक आहे?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी आणखीच चिडते. तशीच मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "अ‍ॅप ठणठणीत आहे. तुमचे बाबाच दर वेळी बंद करतात. का, ते त्यांनाच विचारा."

"बाबा? खरंय हे? अहो, इथे जीव जातो माझा!"

काका फोनवर वाकले. "चुकलं माझं. पण मी ठीक आहे, हे तुला रोज कळावं म्हणून ते अ‍ॅप. तू ठीक आहेस का, हे मला कळायला त्यात काहीच नाही. तू ओरडलीस तरी आवाज ऐकू येतो, त्यावरून अंदाज बांधतो. आणि हल्ली तुझा आवाज मला बरा वाटत नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"नाहीये बाबा. नाहीये मी ठीक."

मी स्पीकर बंद केला, फोन त्यांच्या कानाला लावला आणि दुकानाचं दार आतून लोटून घेतलं. काकांनी गिऱ्हाइकांचं स्टूल ओढलं, त्यावर नीट बसले आणि म्हणाले, "हं. सांग आता."